चहापान, महाराष्ट्रातील
चहापूड, साखर व दूध पाण्यात एकत्र उकळून केलेले पेय घेण्याची रूढी. ती प्राचीन वाटली, तरी विसाव्या शतकातच सार्वत्रिक झाली. १९०३ च्या अधिनियमाने निर्यात चहावर उपकर बसला व त्या निधीतून चहाचा प्रचार झाला. महात्मा गांधींनी चहा अपायकारक मानला. तथापि १९३०–४० या दशकात आसामात निघालेल्या, थोड्या पुडीत गडद रंग देणाऱ्या सीटीसी चहामुळे तो पुढे गरिबांच्याही आवाक्यात आला. साखरेऐवजी गूळ, तसेच आले वा गवती चहाही घालतात. अमेरिकेतील बर्फ घातलेला गोड चहा येथे विशेष रुजला नाही. छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात भर उन्हाळ्यातही गरम चहाच पितात. पाहुणा चहा न घेता गेल्यास यजमानास उणेपणा वाटतो.