वेस्त्रा हाम्नेन
स्वीडनमधील माल्मो शहराचे जुने पश्चिम बंदर. येथील कोकुम्स गोदीत १९८०च्या दशकात व्यापारी जहाजबांधणी थांबली. गोदीची १३८ मी. उंच यारी ह्युंदाई कंपनीने अवघ्या एका डॉलरला घेऊन २००२ मध्ये दक्षिण कोरियातील उल्सानला नेली. तिथे तिला ‘माल्मोचे अश्रू’ म्हणतात. २००१ च्या ‘बू ०१’ गृहप्रदर्शनातून येथे नवी वस्ती उभी राहिली. वारा अडवायला समुद्राकडे उंच इमारती, त्यांच्या आडोशाला ठेंगणी घरे व अरुंद बोळ. पावसाचे पाणी उघड्या पन्हळींतून वाहते. वास्तुकार सांतियागो कालात्राव्हा यांचा १९० मी. उंचीचा, ९० अंशांत पिळलेला ‘टर्निंग टॉर्सो’ मनोरा (२००५) जगप्रसिद्ध असला, तरी नगररचनेचे खरे यश या बोळांत आणि किनाऱ्यावरच्या लाकडी पायऱ्यांतच आहे.