‘राऊ’ वाचून आपण नेमकं कशावर भांडतो?

मंडळी, पोस्ट लांब आहे. वेळ असेल तेव्हा निवांत वाचा. दहा वर्षांपूर्वी मी छापलेल्या एका वाक्याची दुरुस्ती करायची राहून गेली होती, ती आज करतोय.

आधी एका पुस्तकाबद्दल. आमच्या गावच्या वाचनालयात ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’ची एक जुनी प्रत आहे. कादंबरी १९७२ ची. थोरले बाजीराव, मस्तानी आणि काशीबाई यांची गोष्ट. लढाई आहे, घोडदौड आहे, प्रेम आहे आणि घरातली भांडणंही आहेत. प्रतीचं बाइंडिंग दोनदा बदललंय. डिसेंबर २०१५ मध्ये त्याच कादंबरीवर आधारलेला ‘बाजीराव मस्तानी’ आला, आणि जी प्रत वर्षाला दोन-चारदा बाहेर जायची तिच्यासाठी लोक नाव नोंदवून ठेवू लागले. ग्रंथपाल काकूंनी ओळखीखातर ती चार दिवस माझ्याकडे दिली. मला त्यावर लेख लिहायचा होता.

पुस्तकाच्या समासात लोकांनी लिहून ठेवलेलं होतं. वाचनालयाच्या पुस्तकात लिहू नये हे सगळ्यांना माहीत असतं, तरी ‘राऊ’ वाचताना हात राहात नाही बहुतेक.

निळ्या शाईत एका बाईंचं अक्षर होतं. मस्तानीचं कौतुक आलं की बाजूला एकच प्रश्न : ‘आणि काशीबाईंचं काय?’ असं निदान दहा-बारा ठिकाणी. पेन्सिलीनं कुणीतरी लिहिलेलं : ‘याला म्हणतात मर्द.’ एका ठिकाणी ‘ब्राह्मणांची बदनामी’, आणि त्याच्याखाली वेगळ्या शाईत उत्तर : ‘बदनामी कसली, वस्तुस्थिती.’ एकानं तर ‘ती राजकन्या होती, नाचणारी नव्हे’ हे लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या, इतक्या जोरात की पलीकडच्या पानावर उमटल्या होत्या. आणि शेवटच्या पानावर, अगदी बारीक अक्षरात, एकच शब्द : ‘रडले.’

मी तो सगळा ऐवज लेखात वापरला. लेख चांगला झाला होता, खोटं कशाला बोलू. अर्धं पान मिळालं. पण शेवट जोरदार हवा म्हणून मी लिहिलं की, बाजीराव गेल्याची बातमी पोचली त्याच रात्री मस्तानीनं अंगठीतलं विष घेतलं. जणू मी तिथे उभा होतो. कादंबऱ्या, जुने चित्रपट आणि पाबळच्या बाजूला ऐकलेल्या गोष्टी यांची ती भेळ होती.

लेख आला त्या दिवशी सकाळी सात वाजता आमच्या गुरुजींचा फोन. मला आठवीत इतिहास शिकवलेला, आता निवृत्त.

“अरे, लेख वाचला. छान लिहितोस. फक्त एक सांग, अंगठी कोणत्या कागदात आहे?”

मी म्हटलं, “सगळे तसंच सांगतात ना, सर.”

“सगळे म्हणजे कोण? पत्रकारितेची पदविका केलीस ना तू? बातमीत ‘सगळे सांगतात’ चालतं का?”

चालत नाही. पहिल्याच महिन्यात शिकवतात ते. नगरपालिकेच्या गटाराची बातमी देताना मी दोन माणसांना विचारून खात्री करतो. पेशवाईची देताना एकालाही विचारलं नव्हतं.

मग मी गुरुजींच्या घरी जाऊन बसलो. त्यांच्याकडे सरदेसाईंची रियासत आहे. पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड सरदेसाईंच्याच संपादनाखाली १९३० च्या दशकात छापले गेले, त्यातले काहीही होते. त्या दुपारी जे कळलं ते थोडक्यात असं.

महंमदखान बंगशानं बुंदेलखंडात म्हाताऱ्या छत्रसालाला कोंडीत पकडलं होतं. १७२९ च्या मार्चमध्ये बाजीराव तिथे धावून गेले आणि उलट बंगशच जैतपूरच्या किल्ल्यात कोंडला गेला. छत्रसालानं बाजीरावांना मुलासारखं मानून राज्याचा सुमारे तिसरा हिस्सा दिला. हे पक्कं. मस्तानी या संबंधातून पुण्याला आली, हेही बहुतेक सगळे मानतात. पण ती छत्रसालाची मुलगी की दरबारातली कलावंत, यावर अभ्यासकांत आजही दोन मतं आहेत. बुंदेलखंडातली परंपरा मुलगी म्हणते. म्हणजे समासात दोन रेघा मारणारा वाचक बरोबर असेलही. पण रेघा मारण्याइतकी खात्री ज्यांनी उभं आयुष्य या कागदांत घालवलं त्यांनाही नव्हती.

पुढचं मात्र कागदांत आहे. बाजीराव मोहिमेवर असताना, १७३९ च्या अखेरीस आणि १७४० च्या सुरुवातीला, घरच्यांनी मस्तानीला अटकेत ठेवलं. चिमाजीअप्पा आणि नानासाहेब, म्हणजे सख्खा भाऊ आणि सख्खा मुलगा, यात होते. २८ एप्रिल १७४० ला नर्मदेकाठी रावेरखेडीला बाजीराव वारले. वय चाळीसही नव्हतं. त्यानंतर थोड्याच काळात मस्तानी गेली. कशानं गेली याची विश्वसनीय समकालीन नोंद नाही. विष, सती, दुःख ही सगळी नंतरची भर.

म्हणजे माझं सगळ्यात जोरदार वाक्य नेमकं तिथेच होतं, जिथे कागद गप्प आहेत.

आता कुणी म्हणेल, मग इनामदारांनी तरी काय केलं? त्यांनीही गप्प जागा भरल्याच की! हो, भरल्या. कादंबरीकाराचं कामच ते. ‘झेप’मध्ये त्रिंबकजी डेंगळे, ‘झुंज’मध्ये यशवंतराव होळकर, ‘मंत्रावेगळा’मध्ये दुसरा बाजीराव. ज्यांना लोक नावं ठेवून मोकळे झाले होते, अशा माणसांना त्यांनी पुन्हा उभं केलं. मस्तानीच्या वाट्याला आधी एक तर चेष्टा होती, नाही तर पान खाल्लं की गळ्यातून लाल रंग दिसायचा ही दंतकथा. ‘राऊ’नं तिला माणूस केलं. शेवटच्या पानावर ‘रडले’ लिहिणाऱ्या बाईंचं काहीही चुकलेलं नाही. कादंबरी वाचून रडावं. चूक माझी, कारण मी कादंबरीच्या हक्कानं बातमी लिहिली.

आणि मी एकटा नाही. ‘स्वामी’ १९६२ ची, ‘छावा’ १९७९ ची, ‘पानिपत’ १९८८ ची. आपल्या दोन-तीन पिढ्यांचा मराठ्यांचा इतिहास शाळेच्या पुस्तकातून कमी आणि या कादंबऱ्यांतून जास्त आलाय. त्यात लाज नाही. पण त्यातले संवाद आपण व्याख्यानात, फ्लेक्सवर, मोबाइलवर ‘इतिहास’ म्हणून फिरवतो, तिथे घोळ होतो.

आमच्या भागाला तर हा विषय लांबचा नाहीच. एका बाजूला भीमेकाठचं चास, काशीबाईंचं माहेर. चासकर जोश्यांची लेक ती. दुसऱ्या बाजूला शिरूर तालुक्यातलं पाबळ, जे बाजीरावांनी मस्तानीला इनाम दिलं आणि जिथे तिची शेवटची जागा आहे. मी खेडचा. मधोमध. सकाळी चासला निघालो तर संध्याकाळी पाबळला जाऊन घरी जेवायला परत येतो.

गंमत बघा. चासला ‘राऊ’चा विषय काढला की लोक काशीबाईंच्या बाजूनं बोलतात. सिनेमातल्या ‘पिंगा’ गाण्यात काशीबाईंना मस्तानीसोबत नाचवलं, तो राग तिथे अजून आहे. पाबळला गेलो की मस्तानीची बाजू. आणि पाबळमध्येही एक फरक आहे. कुणी ‘मस्तानीची समाधी’ म्हणतं, कुणी ‘मस्तानीची कबर’. जागा एकच. कोण कुठला शब्द वापरतो यावरून त्याचं मत पुढच्या वाक्याआधीच कळतं.

समासातल्या त्या सगळ्या नोंदी मी पुन्हा पुन्हा आठवल्या. काशीबाईंवर अन्याय झाला का, बाजीरावांचं प्रेम खरं होतं का, ती राजकन्या की कलावंत, बदनामी की वस्तुस्थिती. पन्नास वर्षं वाचक यावर भांडतायत. पण एका माणसाबद्दल समासात एकही अक्षर नव्हतं. तो म्हणजे त्यांचा मुलगा.

मुलाचा जन्म १७३४ चा. घरात त्याला कृष्णराव म्हणत असं सांगतात, पण पुण्याच्या ब्रह्मवृंदानं मुंजीला मान्यता दिली नाही आणि तो समशेर बहादर म्हणून वाढला. आईवडील गेले तेव्हा सहा वर्षांचा. त्याला पेशव्यांच्याच घरात वाढवलं गेलं, आणि काशीबाईंनी सांभाळलं असं परंपरा सांगते. ज्या नानासाहेबांनी त्याच्या आईला कोंडलं, त्यांच्याच कारकिर्दीत तो सरदार झाला. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर तो मराठ्यांच्या बाजूनं लढला. जखमी होऊन भरतपूरच्या मुलखात, सूरजमल जाटाच्या आश्रयाला पोचला आणि तिथेच गेला. वय सव्वीस-सत्तावीस.

त्याचा मुलगा अलीबहादर. त्यानं बुंदेलखंडात बांद्याची गादी उभी केली. त्याच घराण्यातल्या नबाबानं १८५७ च्या उठावात इंग्रजांविरुद्ध हत्यार उचललं आणि राज्य गमावलं. शनिवारवाड्याच्या ज्या दरवाजाला मस्तानी दरवाजा म्हणतात, त्याचं दुसरं नाव अलीबहादर दरवाजा.

ज्याला जानवं मिळालं नाही, त्यानं पानिपतावर जीव दिला. याला अंगठी लागत नाही, गाणं लागत नाही. तारखेसकट कागदावर आहे. तरी आपल्या भांडणात हा मुलगा येत नाही, कारण त्याच्यामुळे कुठल्याच बाजूची सोय होत नाही. मस्तानीला परकी म्हणणाऱ्यांची होत नाही. पुण्याच्या घरात नुसती दुष्टाईच होती म्हणणाऱ्यांचीही होत नाही, कारण त्याच घरानं त्याला वाढवलं.

आता मूळ मुद्दा. गेल्या महिन्यात एका शाळेत वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक होतो. नववीतली एक मुलगी मस्तानीवर बोलली. सुंदर बोलली. शेवटी आवाज खाली आणून म्हणाली, “इतिहास साक्षी आहे, त्याच रात्री मस्तानीनं अंगठीतलं विष घेतलं.”

वाक्य माझं होतं. शब्दन् शब्द. तिच्या आजोबांनी २०१५ चं ते कात्रण जपून ठेवलेलं, नंतर तिनंच सांगितलं. मी तिला दुसरा क्रमांक दिला, हस्तांदोलन केलं आणि काहीही न बोलता घरी आलो. तिच्या आनंदावर पाणी कशाला ओता, असं स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. तिच्या आजोबांसमोर माझं नाव खाली गेलं असतं.

२०१५ मध्येही असंच झालं होतं. गुरुजींकडून परतल्यावर मी दुरुस्ती लिहून दिली, तर वरून उत्तर आलं, “अडीचशे वर्षांपूर्वीच्या बाईसाठी जागा घालवायची?” आणि मीही जोर लावला नाही. आमदारांचं नाव चुकलं असतं तर दुसऱ्या दिवशी चौकट आली असती.

गेल्या वर्षी ‘छावा’ सिनेमाच्या वेळी लेझीमवरून वाद झाला आणि तो प्रसंग काढला गेला. दहा वर्षांपूर्वी पिंगा, आता लेझीम. दर वेळी आपण नाचावर भांडतो. पुढचा सिनेमा येईल तेव्हा भांडा, जरूर भांडा. फक्त गुरुजींचा प्रश्न खिशात ठेवा : कोणत्या कागदात आहे? समोरच्याला विचारायच्या आधी स्वतःला विचारा.

तर दुरुस्ती अशी. मस्तानीनं अंगठीतलं विष घेतलं, हे मी लिहिलेलं वाक्य इतिहास नाही. त्याला आधार नव्हता. चूक माझी.

ही पोस्ट त्या मुलीच्या आजोबांना मी स्वतः छापून नेऊन देणार आहे. रविवारी. आणि तिला समशेर बहादरची माहिती देणार आहे. पुढच्या स्पर्धेत पहिला नंबर तिचाच येईल, फक्त परीक्षक मी नसेन.