आजोळची वाट

दिल्लीच्या दक्षिण भागात, आय. एन. ए. बाजारापासून जवळच, लक्ष्मीबाई नगर नावाची सरकारी नोकरांची वसाहत आहे. शेजारी किडवाई नगर, सरोजिनी नगर, नेताजी नगर, नौरोजी नगर. स्वातंत्र्यानंतर राजधानीचा कारभार वाढला, देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे नोकरीसाठी येथे आली, आणि त्यांच्या वसाहतींना स्वातंत्र्यासाठी झटलेल्या स्त्रीपुरुषांची नावे मिळाली. झाशीच्या राणीचे नाव उच्चारताच मराठी माणसाला तिची तलवार आठवते. मला मात्र आज तिचे बाळपण आठवते आहे. परमुलखात वाढणाऱ्या मराठी मुलांच्या खेळाची आणि त्यांच्या आजोळची कथा सांगायची, तर ती ब्रह्मावर्ताच्या वाड्यापासूनच सुरू करणे योग्य होईल.

१८१८ साली पेशवाई बुडाली. दुसऱ्या बाजीरावांना सालीना आठ लाखांचे पेन्शन देऊन इंग्रजांनी कानपूरजवळ गंगाकाठी बिठूरला, म्हणजे ब्रह्मावर्ताला, नेऊन ठेवले. त्यांच्या आश्रयाने कितीतरी मराठी कुटुंबे तिकडे गेली. मोरोपंत तांबे आधी काशीस होते. मनकर्णिकेचा जन्म तेथलाच. आई भागीरथीबाई लवकर निवर्तली आणि मोरोपंत लेकीला घेऊन ब्रह्मावर्ताला आले. जिची आईच उरली नाही, तिला आजोळ तरी कोठून असणार? पण वाड्यातली माणसे तिची झाली. बाजीराव तिला कौतुकाने ‘छबेली’ म्हणत, आणि नानासाहेबांच्या बरोबरीने ती घोडदौड करी, शस्त्रे चालवायला शिके, असे परंपरा सांगते. दख्खनपासून शेकडो कोसांवर, गंगेच्या काठी, एक मराठी पोर मराठीतूनच रुसली, भांडली आणि खेळली. १८४२ साली ती झाशीला गंगाधररावांच्या घरी गेली, आणि पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

त्या काळी हे अंतर केवढे होते, हे पाहायचे असेल तर वरसईच्या विष्णुभट गोडशांचे ‘माझा प्रवास’ वाचावे. १८५७ साली हे गृहस्थ आपल्या काकांबरोबर कोकणातून उत्तरेकडे निघाले, ते दक्षिणा मिळवून घरचे कर्ज फेडण्याच्या आशेने. वाटेत बंड पेटले. झाशीचा वेढा आणि लूट त्यांनी डोळ्यांनी पाहिली. परत घराचे तोंड दिसायला वर्षे लागली. जेथे धडधाकट पुरुषाची ही गत, तेथे एखाद्या लेकुरवाळीने मुलांना घेऊन झाशीहून कोकणात माहेरी यावे आणि महिन्याभराने परत जावे, ही गोष्ट कोणाच्या स्वप्नातही येणारी नव्हती. लांब दिलेली लेक बहुधा कायमचीच दुरावे.

म्हणून, श्रोतेहो, दूर देशाहून उन्हाळ्यात आजोळी जाण्याची ही रीत आपल्याला सनातन वाटली तरी तशी ती नाही. तिला दोन गोष्टींनी जन्म दिला, शाळेने आणि आगगाडीने. पंतोजींच्या शाळेला अनध्यायाच्या तिथी आणि सणवार एवढीच सुटी ठाऊक होती. १८५५ साली मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षणखाते निघाले आणि पुढे शाळांचे वर्ष ठराविक होत गेले. त्या वर्षात उन्हाळ्याची लांब सुटी आली. त्याच्या दोनच वर्षे आधी, १८५३ साली, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली होती. १९१२ साली पंजाब मेल सुरू झाली आणि मुंबई व दिल्ली एका गाडीने जोडल्या गेल्या. गोडसेभटजींनी ज्या मुलखातून जीव मुठीत धरून वाट काढली, त्याच झाशीवरून, भोपाळ, इटारसी, भुसावळ करीत, दशम्यांचे डबे आणि पाण्याची सुरई घेतलेली कुटुंबे पुढे दरसाल जाऊ लागली.

यात सरकारनेही एक हात दिला. ११ ऑक्टोबर १९५६ रोजी गृहमंत्रालयाने काढलेल्या आदेशाने केंद्र सरकारच्या नोकरांना सहकुटुंब आपल्या गावी जाण्यासाठी प्रवासखर्चाची सवलत मिळाली. त्यासाठी प्रत्येकाने आपले ‘होम टाऊन’ कोणते, ते लिहून द्यायचे होते. दफ्तरातला हा एक साधा रकाना! पण दिल्लीत जन्मलेल्या मुलाच्या बापाने त्या रकान्यात वाई, अमरावती किंवा मालवण लिहिले, की त्या मुलालाही एक गाव मिळे. जेथे आपण राहतो ते एक, आणि जेथले आपण आहोत ते दुसरे, अशी दोन गावे घेऊन ही पिढी वाढली.

आता मुले तेथे जाऊन काय करीत? खेळत. दिल्लीच्या चाळिशी-बेचाळिशी अंशांच्या उन्हाळ्यात, लू वाहू लागली म्हणजे दुपारी दार उघडायचीही बंदी. आजोळी दुपार माजघरात पत्त्यांवर, सागरगोट्यांवर आणि भातुकलीवर जाई, आणि उन्हे कलली की अंगण गजबजे. दिल्लीचे मूल ‘पिठ्ठू’ म्हणे, ती येथे लगोरी. त्याचा ‘स्टापू’ म्हणजे आपली ठिक्कर. ‘छुपन-छुपाई’ म्हणजे लपंडाव. नाव निराळे, पण दगडांची उतरंड तीच, चेंडूचा मारही तोच. एका घटकेत परके पोर आपले होई, कारण खेळाला दुभाषा लागत नाही.

खेळ हे फार जुने प्रवासी आहेत. तुकोबांच्या गाथेत विटूदांडू, चेंडूफळी, फुगडी, हमामा यांच्यावरचे अभंग आहेत. म्हणजे सतराव्या शतकातही हे खेळ एवढे घरोघरचे होते की परमार्थ सांगायला ते दृष्टान्त म्हणून चालत. विटीदांडूतली मोजणी तर त्याहून बोलकी आहे. वकट, लेंड, मुंड, नाल असे आपली मुले मोजीत आली. या शब्दांना मराठीत अर्थ नाही. पण तेलुगूत एक, दोन, तीन, चार यांना ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु म्हणतात. केव्हातरी, कोणत्यातरी गावच्या सीमेवर तेलुगू आणि मराठी मुले एकत्र खेळली असली पाहिजेत. त्यांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत. पण त्यांच्या खेळाची साक्ष पोरांच्या तोंडी टिकून राहिली. बडोद्याला १९३६ ते १९४९ या काळात ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड निघाले, तेव्हा अशा देशी खेळांना ग्रंथात जागा मिळाली. तोवर त्यांचा ग्रंथ म्हणजे अंगणच होते.

खेळाबरोबर भाषाही येई, आणि माझ्या मते खरा लाभ तो होता. पहाडगंजात मराठी मुलांसाठी शाळा निघाली, बृहन्महाराष्ट्र भवन उभे राहिले. परंतु वसाहतीतल्या मुलाचा दिवस हिंदीतच जाणार. हिंदीत ‘दादा’ म्हणजे वडिलांचे वडील, मराठीत दादा म्हणजे थोरला भाऊ. दोन्हीकडे बोलणाऱ्या मुलाचा येथे हमखास घोटाळा होई. तो व्याकरणाच्या पुस्तकाने सुटत नसे. मामेभाऊ, आतेबहीण, चुलतचुलते अशी माणसेच समोर बसली, एका ताटात जेवली, गच्चीवर किंवा ओसरीत ओळीने निजली, म्हणजे ती नाती आणि ते शब्द एकदमच समजत.

या चित्राला दुसरीही बाजू आहे, आणि ती झाकणे बरे नव्हे. पंधरा-वीस पानांची पंगत रोज उठे, तेव्हा चुलीपाशी मामी असे. माहेरवाशिणीच्या विसाव्याचे मोल वहिनी आपल्या कष्टांनी चुकते करी, आणि तिचे स्वतःचे माहेर मात्र राहून जाई. शिवाय कित्येक घरांत मुलांना सुटी म्हणजे शेतावर किंवा दुकानावर काम, एवढाच अर्थ होता. आजोळ हे सुख होते. पण ते सर्वांच्या वाट्याला सारखे आले नाही.

आज वाट सोपी झाली आहे आणि जाणे अवघड. मुंबई-दिल्ली विमानाने दोन-सव्वादोन तासांची. पण मामाच एकुलता, त्याची बिऱ्हाडाची जागा दोन खोल्यांची, आणि सुटीत मुलांना शिबिरे. पुष्कळ ठिकाणी आजी-आजोबाच दिल्लीला येतात. दिल्लीच्या जुन्या बैठ्या वसाहतीही पालटत आहेत. किडवाई नगरात उंच इमारती आल्या, आणि २०१८ साली दक्षिण दिल्लीतल्या वसाहतींच्या पुनर्बांधणीसाठी झाडे तोडण्याचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. मोठी माणसे सावलीसाठी भांडत होती. त्या सावलीत कित्येक पिढ्यांचे डाव मांडले गेले होते.

जुने अंगण परत आणता येणार नाही, आणि मामीला पुन्हा चुलीपाशी बसवूनही ते आणू नये. पण ब्रह्मावर्ताच्या त्या आईवेगळ्या मुलीला सख्खे आजोळ नव्हते, तरी चार मराठी माणसांनी मिळून तिला ते दिले, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही. लक्ष्मीबाई नगरात असो की नागपुरात, सुटीतल्या एका संध्याकाळी चार घरची मुले एकत्र आणून विटीला कोल कसा मारावा, हे दाखवणारा एखादा काका, एखादी मावशी अजून पुढे येऊ शकेल. मुले मग वकट, लेंड, मुंड मोजू लागतील. त्याचा अर्थ काय, असे त्यांतल्या एखाद्याने विचारले, तर सांगायला आपल्याजवळ एक चांगली गोष्ट आहे.