नोंदीचा रकाना

मोगल अमलात आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील ज्या मेहकरला ‘सरकार’ या प्रशासकीय विभागाचे ठाणे होते, त्या मुलखात जमाबंदी, इनामे आणि वतने यांच्या कागदांची वाण कधीच नव्हती. परंतु गावात मूल जन्मले केव्हा आणि ते दगावले कशाने, हे लिहून ठेवण्याची निकड कोणत्याही राज्यकर्त्यास भासली नव्हती. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या व्यवस्थेखाली आला, पुढे बुलढाणा हा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि पाटील-कोतवालांकरवी जन्ममृत्यूची वर्दी घेण्याचा रिवाज रूढ झाला. तरीही मृत्यूच्या कारणाचा रकाना बहुधा ‘ताप’ या एका शब्दाने भरला जाई, आणि बारशापूर्वीच बाळंतिणीच्या खोलीत मावळलेले अर्भक तर पुष्कळदा कोणत्याच रकान्यात येत नसे.

हा रिता रकाना भरण्याचे कार्य पुढे दोन ग्रामीण संशोधनांनी केले. त्यांपैकी एकाचे क्षेत्र नवजात बालक, तर दुसऱ्याचे हृदय. दोन्हींची कर्मभूमी बुलढाण्याबाहेर, परंतु दोन्हींचे धागे या जिल्ह्यापर्यंत येऊन पोहोचले आहेत.

डॉ. अभय व राणी बंग यांनी गडचिरोलीत प्रथम उपचार केला नाही, तर गणना केली. जन्मलेले प्रत्येक मूल आणि झालेला प्रत्येक बालमृत्यू गावातच नोंदवला गेला, तेव्हा मृत्यूचा मोठा वाटा पहिल्या अठ्ठावीस दिवसांत पडतो, हे सत्य आकड्यांनी उघड झाले. नंतर ३९ गावांत गावच्याच शिक्षित स्त्रियांना श्वास, ऊब, स्तनपान आणि जंतुदोष यांची परीक्षा शिकवण्यात आली, प्रसंगी इंजेक्शन देण्याचे कामही त्यांच्याकडे सोपवण्यात आले. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात या प्रयोगाचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला: हजार जिवंत जन्मांमागे ६२ असलेला नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी २५.५ वर आला होता, आणि तुलनेसाठी घेतलेल्या गावांत मात्र तो जवळजवळ होता तेथेच राहिला होता. २०११ पासून ही गृहाधारित सेवा शासनाने देशभर आशा कार्यकर्त्यांकडे सोपवली. आज बुलढाणा जिल्ह्यातील घाटाखालच्या वा घाटावरच्या एखाद्या खेड्यात आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी बाळाचे वजन घेण्यास येते, तेव्हा तिच्या पाठीशी गडचिरोलीची ती नोंदवही उभी असते.

डॉ. हिंमतराव बावस्कर हे बुलढाण्याच्या शेजारच्या भोकरदन तालुक्यातील देहेडचे. कोकणात महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात ते नियुक्त असताना लाल विंचवाच्या दंशाने मुले आणि धडधाकट शेतकरीही काही तासांत दगावत, आणि त्यावर मांत्रिकाखेरीज इलाज नसे. रुग्णाच्या उशाशी बसून त्यांनी तासातासाची कैफियत टिपली: घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, चढलेला रक्तदाब आणि शेवटी फुप्फुसांत साचणारे पाणी. मारक ठरतो तो विषाने खवळलेल्या चेतासंस्थेचा हृदयावर पडणारा भार, हे ओळखून त्यांनी रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन वापरले. १९८२ आणि १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे निरीक्षण व हा उपचार प्रसिद्ध केला. केवळ प्राझोसिन आणि प्राझोसिनसह विंचवाचे प्रतिविष या दोन उपचारांची तुलनात्मक चाचणी २०११ मध्ये ‘बीएमजे’मध्ये आली, तीही पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्या सहकार्याने आणि महाडच्या रुग्णांवरच.

२०२५ च्या आरंभी शेगाव तालुक्यातील खेड्यांत लोकांचे केस अकस्मात गळू लागले, तेव्हा हेच बावस्कर तेथे पोहोचले आणि रक्त, लघवी, केस व शिधावाटपाचा गहू तपासून त्यांनी सेलेनियमच्या अतिरेकाकडे बोट दाखवले. पाण्यामुळेच केस गळतात, अशा गावकऱ्यांच्या तर्ककुतर्कांना त्यामुळे निदान एक तपासण्याजोगे उत्तर मिळाले.

संशोधन हे केवळ महाविद्यालयीन प्रयोगशाळेचे मिरास वतन आहे, हा समज या दोन उदाहरणांपुढे टिकत नाही. जिल्ह्यातील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात नोंदवह्या आहेत. तेथील तरुण वैद्यांनी त्या केवळ वरिष्ठांच्या तपासणीसाठी न भरता प्रश्न विचारण्यासाठी भराव्यात, आणि आपल्या घरातील मृत्यूचे कारण नीट लिहिले गेले की नाही, हे वाचकांनीही आवर्जून पाहावे.