पारखी रेणू : प्रस्तावना

हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे घरोघरी ठाऊक आहे. स्पिरिटमध्ये हळद कालवून त्यात भिजवलेला, वाळवलेला कागद लोणार सरोवराच्या पाण्यात बुडवला तरी तेच घडतं. त्या पाण्याचा सामू १० च्या आसपास असतो. अल्कधर्मी पाणी कर्क्युमिनच्या रेणूतला प्रोटॉन काढून घेतं, आतल्या इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते आणि पिवळा कागद विटकरी होतो. रंग पालटला, पण चुना, सोडा, पापडखार यांपैकी पाण्यात काय आहे हे हळद सांगत नाही. रासायनिक संवेदक घडवणाऱ्याचं काम इथून पुढे सुरू होतं.

अशा संवेदकाला दोन अंगं लागतात : एक नेमका आयन पकडणारं, दुसरं ती पकड डोळ्यांना दाखवणारं. दाखवण्याचा एक मार्ग रंगबदलाचा, दुसरा अनुस्फुरणाचा, म्हणजे फ्लुरोसन्सचा. मूळचे श्रीलंकेचे रसायनशास्त्रज्ञ ए. पी. डिसिल्वा यांनी बेलफास्टमध्ये दुसऱ्या मार्गाची एक सुरेख रीत रूढ केली. पकडणाऱ्या अंगातल्या नायट्रोजनची मोकळी इलेक्ट्रॉन-जोडी शेजारच्या चमकणाऱ्या अंगाला इलेक्ट्रॉन पुरवते आणि चमक विझवते. आयन येऊन ती जोडी अडकवतो, तेव्हा विझवणारं कुणी उरत नाही आणि रेणू उजळतो. रॉजर त्सिएन यांनी १९८० च्या दशकात जिवंत पेशीतलं कॅल्शियम पाहिलं ते आयन पकडून चमक बदलणाऱ्या, घडवलेल्या रेणूंनी.

उलटा खेळ पाहायचा तर टॉनिक वॉटर पुरेसं आहे. जांभळ्या दिव्याखाली त्यातलं क्विनाईन निळं चमकतं. मीठ टाकत गेलं की चमक मंदावते. क्लोराइडचे आयन उत्तेजित रेणूंवर आदळून त्यांची ऊर्जा काढून घेतात. गंमत म्हणून हा प्रयोग छान आहे, पण बुलढाण्यात तो इशाराही आहे.

बुलढाणा जिल्ह्यातले जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव हे तालुके पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतात. तिथल्या भूजलात क्लोराइड, सल्फेट, बायकार्बोनेट भरपूर. अशा पाण्यात लिटरमागे दीड मिलिग्रॅम फ्लोराइड ओळखायचं म्हणजे जत्रेत एक माणूस शोधायचा. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची कमाल मर्यादा तेवढीच आहे. शोधनिबंधांतले कितीतरी फ्लोराइड-संवेदक डीएमएसओ किंवा ॲसिटोनायट्राइलसारख्या सेंद्रिय द्रावकांत झकास लाल होतात आणि थोडं पाणी घातलं की गप्प बसतात. कारण साधं आहे : पाण्याचे रेणू फ्लोराइडला हायड्रोजन-बंधांनी घट्ट वेढतात, मग संवेदकाच्या रेणूतला प्रोटॉन ओढायला त्याच्यात जोर उरत नाही. शिवाय ॲसिटेट आणि फॉस्फेटही तसाच प्रोटॉन ओढून फसवतात.

यावर एक तोड सिलिकॉनची. फ्लोराइडला सिलिकॉनची ओढ जबर, म्हणून रंगद्रव्यावर सिलिकॉनचं झाकण बसवतात. फ्लोराइड ते तोडतं आणि रंग मोकळा होतो. हा संवेदक एकदाच वापरता येतो आणि पाण्यात त्याला वेळ लागतो, तरी मला ही वाट जास्त भरवशाची वाटते. गावात पट्टी एकदा वापरून फेकली तर काय बिघडलं?

सेंद्रिय संश्लेषण, वर्णपटशास्त्र आणि पाण्याचं विश्लेषण या तिन्हींची गोडी असणाऱ्या विद्यार्थ्यांचं या विषयात स्वागत आहे. पहिला संवेदक तयार झाला की डीएमएसओची बाटली उघडण्याआधी संग्रामपूरकडच्या एखाद्या बोअरचं पाणी आणा आणि त्यातच तो तपासा.