दिनविशेष : ६ जुलै – तटाआतले जयपूर

६ जुलै २०१९. बाकू येथील ४३व्या अधिवेशनात युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने जयपूरच्या तटबंद शहराला यादीत स्थान दिले. अहमदाबादनंतर हा मान मिळालेले हे भारतातील दुसरे शहर.

जयपूरचे खरे मोल मात्र तटापेक्षा आतल्या वस्तीत आहे. जोहरी बाजारात जवाहिऱ्यांच्या पेढ्या आजही चालतात, मनिहारांच्या रस्त्यावर लाखेच्या बांगड्या घडतात. दगडी भिंती दुरुस्त करता येतात. कारागीर उठून गेला तर तो पुन्हा आणता येत नाही.

२०२५ मध्ये सिंधुदुर्ग, विजयदुर्गासह १२ मराठा किल्ले यादीत आले. सिंधुदुर्गाच्या तटाआतही घरे नांदती आहेत. जतनाचा आराखडा आखताना आधी त्या घरांशी बोलायला हवे.