नऊचा खेळ, सामरीचा

आधी चपलांचे अंगठे तपासून घ्या. तिकिटाच्या रांगेत अंगठा तुटला की चप्पल गेली समजा, आणि ती शोधायला वाकलात तर नंबरही गेला. मोबाइल घरीच ठेवा. खिशात थोडी चिल्लर आणि एक मोठा रुमाल असू द्या. रुमाल घामासाठी लागेल, आणि आणखी एका कामासाठी. ते काम कोणतं, ते कळेलच.

चला. १९८५ सालचा मे महिना. महाबळेश्वरच्या डोंगराखालचं एक तालुक्याचं गाव. नाव तुम्हाला हवं ते द्या. दिवस मावळून तास झाला तरी रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतंय. रसवंतीचे घुंगरू छनछनतायत, एसटी स्टँडकडून डिझेलचा आणि भज्यांच्या तेलाचा मिळून एक वास येतोय. सकाळपासून भोंगा लावून गावभर फिरलेला टांगा आता थिएटरसमोर घोडं सोडून उभा आहे. त्याच्या दोन्ही अंगांना पोस्टरं. पोस्टरवर लाल डोळ्यांचा, पिंजारलेल्या केसांचा एक चेहरा. चिकटवताना खळ जास्त झाली आणि त्याच्या गालावर सुरकुत्या पडल्या, त्यामुळे तो आणखीच भयाण दिसतोय. शेजारून जाणारी आजी नातवाच्या डोळ्यांवर पदर धरून झपझप पुढे निघते. पोरगं विरलेल्या पदरातून बघतच राहतं.

'पुराना मंदिर' लागलाय. मुंबईत लागला त्याला कित्येक महिने झाले. गावोगाव फिरून झिजलेली रिळं पत्र्याच्या पेट्यांतून आता कुठे इथे पोचली आहेत. कुणाच्या तरी मुंबईच्या मेव्हण्याने अख्खी गोष्ट आधीच सांगून टाकली आहे. पण त्याने कुणाची भीती कमी झालेली नाही. रांगेत तुमच्या पुढे उभा असलेला गडी आपल्या दोस्ताला कुठे डोळे मिटायचे ते आत्ताच समजावून सांगतोय.

आता खिडकी. लोखंडी पाइपांचा अरुंद बोळ, एका वेळी एक माणूस मावेल एवढा, आणि त्यात तिघे. पुढच्याच्या सदऱ्याला नीळ आणि घाम यांचा वास, मागच्याचं कोपर तुमच्या बरगडीत. भिंतीतल्या भोकात हात घातलात की आत आधीच दोन हात असतात. मनगट खरचटतं, नोट ओलीचिंब होते आणि हाताला पातळ गुलाबी कागदाचा तुकडा लागतो. त्यावर पेन्सिलीने नंबर खरडलेला. बायकांची खिडकी वेगळी, तिथे रांग छोटी. म्हणून दोन कॉलेजची पोरं तिथे उभ्या असलेल्या एका मावशींना अजिजीने म्हणतायत, "मावशी, आमची दोन काढता का हो?" मावशी आधी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळतात, कुणाचे आहात विचारतात, मगच पैसे घेतात. तिकडे भिंतीला टेकलेला एक जण ओठ न हलवता "बाल्कनी, बाल्कनी" पुटपुटतोय. त्याच्याकडे बघू नका.

दारावर डोअरकीपर. सिनेमा 'ए' सर्टिफिकेटवाला, त्यामुळे तो तिकीट फाडण्याआधी वरच्या ओठाकडे बघतो. काजळाने मिसरूड रेखून आलेल्या एकाला त्याने बाजूला काढलंय. घामाने ती मिसरूड हनुवटीपर्यंत आली आहे.

आत शिरा. डोळ्यांना काही दिसायच्या आधी नाकाला सगळं कळतं. फिनेल, विडी, बाकाखालचे जुने शेंगदाणे, बायकांच्या बाजूने येणारा मोगऱ्याचा गजरा, आणि या सगळ्याच्या तळाशी मुतारीचा उग्र दर्प. वर पत्रे दिवसभर तापलेले. लांब दांड्यांचे पंखे गरम हवा इकडची तिकडे करतात. लाकडी खुर्चीवर बसलात की दोन मिनिटांत ढेकणांना तुमचा पत्ता लागतो. स्टॉलमधे बसा, बाल्कनीत नको. बाल्कनीत लोक शहाण्यासारखे घाबरतात.

पडद्यावर गावातल्या कापडदुकानाची काचेची स्लाइड येते, जरा तिरकी. मग विको वज्रदंती. तिचं गाणं सगळं थिएटर म्हणतं. मग सेन्सॉरचं सर्टिफिकेट. रिळांचा आकडा येताच मागून कुणीतरी तो मोठ्याने वाचतो आणि टाळ्या पडतात. रिळं जास्त म्हणजे पैसे वसूल.

आणि वारा सुटतो. म्हणजे स्पीकरमधून. तो स्पीकर फाटका आहे, त्यामुळे कोल्हेकुईला एक खरखर चिकटली आहे. ही खरखर सिनेमा करणाऱ्यांनी घातलेली नाही, पण आज रात्री सगळ्यात जास्त काम तीच करणार आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. २०० वर्षांपूर्वी एका राजाने सामरी नावाच्या सैतानाचं मुंडकं उडवलं. मुंडकं पेटीत बंद केलं, धड देवळामागे पुरलं. मरताना सामरी शाप देऊन गेला: या घराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल. आता घराण्यातली मुलगी कॉलेजात आहे आणि प्रेमात पडली आहे.

सामरी पहिल्यांदा वळून बघतो तेव्हा काय होतं, ते तुमच्या अंगावर लक्ष ठेवून बघा. आधी पुढच्या रांगेतली डोकी एकदम मागे येतात. मग बाकांच्या ओळी करकरतात, कारण शेकडो माणसांनी एकाच क्षणी पाय वर घेतले आहेत. शेजारचा अनोळखी माणूस तुमच्या मनगटाला धरतो. त्याचा हात ओला आणि गार आहे, एवढ्या उकाड्यात गार. तो सोडत नाही, तुम्हीही सोडवून घेत नाही. किंचाळी पडद्यावर नंतर येते. थिएटरात ती आधीच होऊन गेलेली असते. तुमचं अंग पडद्याला घाबरत नाही, ते या भोवतालच्या अंगांना घाबरतं. सामरी झालेला अजय अगरवाल हा उंचापुरा माणूस मुळात सिव्हिल इंजिनिअर आहे, हे आत्ता आठवून काही उपयोग नाही.

थोड्या वेळाने नायिका न्हाणीघरात जाते. स्टॉलमधून शिट्ट्यांचा पाऊस पडतो. तोटीतून पाणी येतं, आणि मग पाण्याच्या जागी रक्त. शिट्ट्या मधेच तुटतात. तोंडात घातलेली दोन बोटं तशीच राहिलेली पोरं तुम्हाला पडद्याच्या लाल उजेडात दिसतील. या सिनेमाने त्यांना हौसेने डोळे मोठे करायला लावले आणि नेमक्या त्या डोळ्यांवर फटका मारला. त्यांना ते समजलंय, आणि ते आवडलेलंही आहे.

पण आता मान डावीकडे वळवा, बायकांच्या बाजूला. बाळंतपणाचा प्रसंग चालू आहे. वेदनांनी तळमळणाऱ्या बाईचा चेहरा पालटत जातो, कातडी सुटायला लागते. पुरुषांच्या बाजूला आरडाओरडा. बायकांच्या बाजूला एकदम शांतता. एक सासू पोट दिसायला लागलेल्या सुनेचं डोकं आपल्या खांद्यात दाबून धरते आणि स्वतः मात्र पापणी न हलवता बघत राहते. कुणीतरी हळूच "आई गं" म्हणतं. त्या बाजूला बसलेल्या प्रत्येकीला असं एक घर ठाऊक आहे. वाटेत बैलगाडीतच खेळ आटोपलेली जाऊ, पहिल्या खेपेला माहेरी गेलेली आणि परत न आलेली मैत्रीण. लाल डोळे, पिंजारलेले केस, त्रिशूळ हे सगळं पोरांसाठी. या बायकांना सामरी नवा नाही, त्याचा नुसता चेहरा त्या आज पहिल्यांदा बघतायत. मला विचाराल तर हा सिनेमा अस्वस्थ करतो तो इथे. समीक्षकांनी हा सिनेमा काढणाऱ्या रामसेंच्या चित्रपटांना नाकं मुरडली. पण ही शांतता त्यांच्यापैकी कितीजणांनी ऐकली?

इंटरव्हल! दिवे लागतात आणि शेजाऱ्याचा हात झटकन दूर होतो. दोघेही वर पंख्याकडे बघता. बाहेर धूम. गोटी सोड्याची बाटली फुस्स करते तेव्हा चार जण दचकतात आणि मग सगळे हसतात. गरम वडा, तळलेली मिरची, कागदाच्या पुडीत खारे दाणे. "अरे, तो चौकीदार म्हणजे अर्धसत्यचा रामा शेट्टी!" सदाशिव अमरापूरकरांना ओळखल्याने एकाची छाती फुगली आहे. आपला माणूस आत आहे, म्हणजे फार वाईट होणार नाही, असा काहीतरी हिशोब.

वडा संपेपर्यंत एक सांगून घेतो. ज्यांनी तुमचा हात असा गार पाडला, ती एका घरातली माणसं आहेत. वडील एफ. यू. रामसे, फाळणीनंतर कराचीहून मुंबईला आलेले, लॅमिंग्टन रोडवर रेडिओचं दुकान. सात मुलगे. १९७० साली त्यांनी 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' काढला, दिग्दर्शक विश्राम बेडेकर. होय, 'रणांगण'वाले बेडेकर. सिनेमा पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून चोरी करायला येतात तो एक प्रसंग होता. मुलं थिएटरात जाऊन बसली आणि त्यांनी पडद्याऐवजी लोकांकडे पाहिलं. लोक तेवढ्या प्रसंगालाच ओरडत होते. मुलांनी ठरवलं, मग तेवढंच करू. तुलसी आणि श्याम दिग्दर्शनाला, गंगू कॅमेऱ्याला, किरण आवाजाला, अर्जुन संकलनाला, कुमार लिहायला, केशू निर्मितीला. १९७२ च्या 'दो गज जमीन के नीचे'साठी सगळे बसने महाबळेश्वरला गेले, घरच्या बायकांनी सगळ्या युनिटचा स्वयंपाक केला. या तुमच्या डोक्यावरच्या डोंगरात! ज्या धुक्यात तुम्ही स्ट्रॉबेरी खाल्लीत त्याच धुक्यात त्यांनी थडगी उभारली. पुढे मुरूडच्या नवाबाचा राजवाडाही त्यांच्या भुतांना मानवला. म्हणून ही हवेली तुम्हाला कुठेतरी पाहिल्यासारखी वाटते. घंटा झाली, चला.

दुसऱ्या अर्ध्यात घाम वाळत नाही. मधे जगदीप 'शोले'ची नक्कल करून हसवतो तेव्हा थिएटर गरजेपेक्षा जास्त हसतं. सगळ्यांना मोकळा श्वास हवा आहे. मग पेटी उघडते. मुंडकं. ते धडाकडे निघालंय, आणि नेमकं तेव्हा फिल्म तुटते.

पडदा पांढरा, मग काळा. इतर कुठल्याही सिनेमाला आत्ता ऑपरेटरच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. आज शिव्या येतात, पण त्यांच्यात दम नाही. अंधारात कुणीतरी मागून शेजाऱ्याच्या मानेवर गार हात ठेवतो आणि "आईशप्पथ" अशी जी किंकाळी उठते, तिने बायकांची बाजूही खदखदून हसते. मागच्या खिडकीतून ऑपरेटरचा खाकरा ऐकू येतो, कार्बनच्या कांड्या पुन्हा जुळतात, झोत पांढरा निळसर होऊन पडद्यावर पडतो. त्या झोतात विडीचा धूर वळवळताना दिसतो. हाच तो क्षण, रुमाल काढा. डोळ्यांवर नुसता धरा, पण वीण सैल ठेवा. गावातला प्रत्येक शूर माणूस तसाच बघतोय.

शेवटी आग लागते, सामरी जळतो, नाण्यांची एक मूठ पडद्याच्या दिशेने उडते, दारं धाडधाड उघडतात आणि रात्रीची हवा आत येते. बाहेर पडताना कुणी धक्काबुक्की करत नाही. सगळे एकमेकांना चिकटूनच चालतात. एरवी तीन वाटांनी जाणारी माणसं आज एकाच लांबच्या वाटेने निघाली आहेत, कारण जवळची वाट देवळामागून जाते. वीज गेलेली. सायकलवाला सायकलवर बसत नाही, हातात धरून तुमच्याबरोबर चालतो. एक जण मोठ्या आवाजात गाणं म्हणतो आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी मागे वळून बघतो. प्रत्येक कोपऱ्यावर दोघंतिघं गळतात आणि उरलेल्यांची पावलं जरा भरभर पडतात.

तुमचा वाडा आला. दिंडी दरवाजाची कडी आत्ता एवढी वाजते? माजघरात आई कूस बदलते, "आलास का रे?" म्हणते आणि पुन्हा झोपते. आता खरी अडचण. दोन बाटल्या गोटी सोडा पोटात आहे आणि संडास परसात, हौदाच्याही पलीकडे, शेवग्याखाली.

ओसरीवर धाकटा भाऊ चटईवर जागाच आहे. त्याचं वय भरत नव्हतं म्हणून त्याला नेलं नव्हतं, आणि तो रागावून बसलाय.

"ऊठ ना. जरा परसात चल."

"का? भीती वाटते?"

"कंदील धरायला कुणी नको का?"

तो उठून बसतो. त्याला आपलं मोल कळलेलं आहे. "पहिल्यापासून सगळं सांगायचं. एकही सीन गाळायचा नाही."

तुम्ही सांगता. हौदापर्यंत राजा, शेवग्याखाली शाप, आणि दाराच्या फटीतून आतूनच, मोठ्याने, बाळंतपणाचा प्रसंग. मोठ्याने अशासाठी की तो बाहेर उभा आहे ना याची खात्री पटत राहावी. तो मधे मधे "मग?" विचारतो. मुंडकं पेटीतून बाहेर येतं तिथे त्याचं "मग?" येईनासं होतं. तुम्ही घाईने दार उघडता. तो कंदील दोन्ही हातांनी धरून उभा आहे, पाठ भिंतीला लावून, आणि त्याचं पहिलं वाक्य आहे, "दादा, उद्याचा खेळ किती वाजता रे?"